चंद्रावर जायचं कसं आणि परत यायचं कसं? (वर्गात समजावून सांगताना)



23 ऑगस्टला आपण शाळेत राष्ट्रीय अंतराळ दिवस साजरा करतो. मुलं चांद्रयानाची चित्रं काढतात, भाषणं करतात, तारखा तर धडाधड सांगतात. पण एकदा मुलांना एवढंच सांगून बघा: "पृथ्वी काढा, चंद्र काढा आणि यान कसं गेलं तो रस्ता काढा." बहुतेक मुलं पट्टीने सरळ रेघ ओढतात. रेघेच्या मध्यावर रॉकेट आणि त्याच्या शेपटीला भलीमोठी ज्वाला!

मग चर्चा सुरू झाली की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "सर, अमेरिकेचं यान चार दिवसांत पोचलं आणि आपल्याला चाळीस दिवस लागले, म्हणजे आपण मागं आहोत का?" दुसरा प्रश्न बहुतेक वेळा मोबाईलवरचा व्हिडिओ बघून आलेला असतो, "इथून उडायला एवढं मोठं रॉकेट लागतं, मग चंद्रावरून परत उडायला रॉकेट कुठं होतं? ते सगळं खोटंच असणार!"

दुसरा प्रश्न पालकही विचारतात. प्रश्न चांगलाच आहे, त्यावर मुलाला गप्प करू नये. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या चित्रातल्या ज्वालेत लपलेलं आहे. ती ज्वाला प्रवासभर पेटलेली नसते. चंद्राच्या प्रवासात इंजिन अगदी थोडी मिनिटं चालतं, बाकीचा सगळा प्रवास फुकटात होतो. ही एक गोष्ट मुलांना पक्की समजली की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं. चला तर मग, पायरी पायरीने बघू या.

1. आधी अंतराचा अंदाज द्या

पुस्तकातल्या चित्रात जागेअभावी चंद्र पृथ्वीच्या अगदी शेजारी दाखवलेला असतो. त्यामुळे मुलांच्या डोक्यात अंतर बसत नाही. ही कृती मैदानावर घ्या.

साहित्य: एक व्हॉलीबॉल, एक मोठं लिंबू, मोजपट्टी.

व्हॉलीबॉल म्हणजे पृथ्वी. त्याचा व्यास साधारण 21 सेंटीमीटर असतो. पृथ्वीचा व्यास आहे 12,742 किलोमीटर आणि चंद्राचा 3,474 किलोमीटर. म्हणजे या प्रमाणात चंद्र पावणेसहा सेंटीमीटरचा, मोठ्या लिंबाएवढा होतो. आता मुलांना विचारा, "हे लिंबू चेंडूपासून किती लांब ठेवायचं?" कोणी एक वीत म्हणेल, कोणी एक पाऊल. सगळ्यांचे अंदाज फळ्यावर लिहा आणि मगच मोजून दाखवा. खरं उत्तर आहे सव्वासहा मीटरपेक्षा थोडं जास्त! कारण पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये सरासरी 3,84,400 किलोमीटर अंतर आहे, म्हणजे एकापुढे एक अशा 30 पृथ्वी मावतील.

याच प्रमाणात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चेंडूपासून किती दूर असेल? ते साधारण 400 किलोमीटर उंचीवर फिरतं. म्हणजे चेंडूच्या पृष्ठभागापासून जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर. अवकाशात जाणं आणि चंद्रावर जाणं यातला फरक मुलांना इथंच कळतो.

2. इंजिन किती वेळ चाललं? हिशोब मांडू या

आता माणसं गेली त्या अपोलो 11 मोहिमेचं उदाहरण घेऊ. 16 जुलै 1969 रोजी नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स हे तिघं निघाले आणि 24 जुलैला परत आले. सगळी मोहीम मिळून 195 तासांची. यात मुख्य इंजिनं कधी आणि किती वेळ चालली, ते फळ्यावर लिहा:

- सॅटर्न 5 रॉकेटचा पहिला टप्पा: सुमारे 2 मिनिटं 40 सेकंद
- दुसरा टप्पा: सुमारे साडेसहा मिनिटं
- तिसरा टप्पा, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत शिरण्यासाठी: सुमारे अडीच मिनिटं
- तिसरा टप्पा पुन्हा, चंद्राकडे निघण्यासाठी: सुमारे पावणेसहा मिनिटं
- चंद्राजवळ वेग कमी करण्यासाठी: सुमारे 6 मिनिटं
- चंद्रावर उतरण्यासाठी: सुमारे 13 मिनिटं
- चंद्रावरून वर येण्यासाठी: सुमारे सव्वासात मिनिटं
- घरी निघण्यासाठी: सुमारे अडीच मिनिटं

बेरीज करा. साधारण 46 मिनिटं होतात. मध्ये दिशा सुधारण्यासाठी काही सेकंदांचे छोटे धक्के दिले गेले, ते वेगळे. 195 तासांच्या प्रवासात इंजिन पाऊण तास! पाचवी-सहावीच्या मुलांना सरासरी काढायला लावा: दर तासाला इंजिन साधारण 14 सेकंद चाललं. विज्ञान आणि गणित एकाच तासात होतं.

3. मग इंजिन बंद असताना यान पुढं का जातं?

आपल्या अनुभवात पेडल मारणं थांबवलं की सायकल थोड्या वेळाने थांबते. म्हणून मुलांना वाटतं, इंजिन बंद म्हणजे यान थांबणार. पण सायकल थांबते ती घर्षणामुळे आणि हवेमुळे. तिकडं थांबवणारी हवाच नाही. एकदा मिळालेला वेग कोणी काढून घेतला नाही तर तसाच राहतो, हा न्यूटनचा पहिला नियम.

वेग काढून घेणारी गोष्ट एकच, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. इथं एक गैरसमज आवर्जून दूर करा. "अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं" असं मुलं (आणि कधीकधी आपणही) सहज बोलून जातात. अंतराळ स्थानकाच्या उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं यान बरोबरीनेच पडत असतात. मात्र पडता पडता ते इतक्या वेगाने पुढंही जात असतात, की पृथ्वीची गोलाई त्यांच्या खालून वळत जाते आणि जमीन काही लागत नाही. त्यासाठी वेग लागतो सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर.

चंद्रापर्यंत पोचायचं तर हा वेग वाढवून सेकंदाला सुमारे 10.8 किलोमीटर करावा लागतो. त्यानंतर इंजिन बंद. मग आपण वर फेकलेल्या चेंडूचं जे होतं तेच यानाचं होतं. चेंडू वर जाताना हळूहळू मंदावतो ना? तसंच यान पृथ्वीपासून लांब जाता जाता मंदावत जातं. अपोलो 11 पृथ्वीपासून सुमारे 3 लाख 45 हजार किलोमीटरवर पोचलं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरपेक्षाही कमी झाला होता. पण तोपर्यंत चंद्राची ओढ जास्त झाली, आणि यान चंद्राकडे "पडायला" लागलं. तिथून वेग पुन्हा वाढत गेला.

1968 मध्ये अपोलो 8 चंद्राला फेऱ्या मारून परत येत होतं. यान कोण चालवतंय, असा प्रश्न आला तेव्हा विल्यम अँडर्स या अंतराळवीराने गमतीने सांगितलं की सध्या बहुतेक काम आयझॅक न्यूटनच करतोय! मुलांना हा किस्सा जरूर सांगा, त्यात सगळा धडा आला.

4. चंद्र काही आपली वाट बघत थांबत नाही

सरळ रेघ चुकीची असण्याचं आणखी एक कारण आहे. चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण 1 किलोमीटर वेगाने फिरतो. तीन दिवसांत तो अडीच लाख किलोमीटरपेक्षा जास्त पुढं सरकतो. म्हणून आज चंद्र जिथं दिसतो तिथं नेम धरला तर यान पोचेल तेव्हा तिथं काहीच नसेल.

मैदानावर एका मुलाला आडवं पळायला सांगा आणि दुसऱ्याला त्याच्याकडे चेंडू टाकायला सांगा. पळणारा आत्ता जिथं आहे तिथं टाकला तर चेंडू मागं पडतो. तो जिथं पोचणार आहे तिथं टाकावा लागतो. दोन-तीन प्रयत्नांत मुलांना नेम साधतो. यानाला मात्र असे प्रयत्न मिळत नाहीत, म्हणून आधी गणित करावं लागतं.

5. चार दिवस आणि चाळीस दिवस

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सॅटर्न 5 हे रॉकेट 110 मीटर उंच आणि सुमारे 2,900 टन वजनाचं होतं. त्याने 45 टनांच्या आसपासचं यान एका दमात चंद्राच्या वाटेला लावलं. चांद्रयान-3 ज्यातून गेलं ते आपलं एलव्हीएम-3 रॉकेट 43.5 मीटर उंच आणि सुमारे 640 टन वजनाचं आहे. त्याने 14 जुलै 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून 3,900 किलोचं यान नेलं आणि पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. त्या कक्षेचं एक टोक पृथ्वीपासून सुमारे 170 किलोमीटरवर तर दुसरं 36,500 किलोमीटरवर होतं.

तिथून पुढचं काम यानाच्या स्वतःच्या इंजिनाने केलं. त्या इंजिनाचा जोर होता 440 न्यूटन. म्हणजे पृथ्वीवर 45 किलोचं पोतं जेमतेम तोलून धरेल एवढाच! एवढं छोटं इंजिन एका धक्क्यात यानाला चंद्रापर्यंत पाठवू शकत नाही.

मग काय केलं? झोपाळ्याचं उदाहरण द्या. मोठा दादा एका दणक्यात झोका उंच पाठवतो. लहान भाऊ तेवढा जोर लावू शकत नाही. पण झोका दर वेळी आपल्याजवळ आला की तो नेमक्या क्षणी थोडा धक्का देतो. प्रत्येक फेरीला झोका जरा जास्त लांब जातो. चांद्रयानाने हेच केलं. यान फिरत फिरत पृथ्वीजवळ आलं की इंजिन चालवायचं, की कक्षेचं लांबचं टोक आणखी लांब जातं. ते टोक आधी सुमारे 42 हजार किलोमीटर, मग 51 हजार, मग 71 हजार आणि 25 जुलैला 1 लाख 27 हजार किलोमीटरवर गेलं. (मधला एक धक्का जवळचं टोक थोडं वर उचलण्यासाठी होता.) मग 1 ऑगस्टला शेवटचा मोठा धक्का दिला आणि यान चंद्राच्या वाटेला लागलं. 5 ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत शिरलं.

बघा, 1 ते 5 ऑगस्ट! म्हणजे पृथ्वी सोडून चंद्रापर्यंतचा खरा टप्पा आपल्या यानानेही चारेक दिवसांतच पार केला. बाकीचे दिवस गेले आधी झोका वाढवण्यात आणि चंद्राजवळ पोचल्यावर तो हळूहळू कमी करण्यात. अपोलोमध्ये माणसं होती. त्यांना हवा, पाणी, अन्न लागतं, त्यांना चाळीस दिवस अवकाशात ठेवणं परवडणारं नव्हतं. आपल्या यानात माणूस नव्हता, ते थांबू शकत होतं. म्हणून आपण छोटं रॉकेट वापरलं आणि इंधनाच्या जागी वेळ खर्च केला. मुलांना सांगायचं ते हेच: हा मागं असण्याचा नाही, हाताशी असलेल्या साधनांच्या नियोजनाचा प्रश्न आहे.

कृती: फळीवर दोन खिळे ठोका, त्याभोवती दोऱ्याची सैल गाठ अडकवून पेन्सिल फिरवा. लंबवर्तुळ तयार होतं. एक खिळा म्हणजे पृथ्वी, तो तसाच ठेवा. दुसरा खिळा दर वेळी थोडा लांब सरकवा आणि दोरा वाढवा. एकात एक लांबत गेलेली चार-पाच लंबवर्तुळं आली की चांद्रयानाच्या रस्त्याचं चित्र तयार! त्या सरळ रेघेच्या शेजारी हे चित्र वर्गात लावा.

6. चंद्रापाशी पोचल्यावर ब्रेक लावावा लागतो

चंद्राकडे पडत आलेलं यान वेगात असतं. ब्रेक लावला नाही तर ते चंद्राला वळसा घालून निघून जाईल. म्हणून इंजिनाचं तोंड पुढच्या दिशेला करून ते चालवतात, की वेग कमी होतो आणि चंद्र यानाला पकडून ठेवतो. अपोलोच्या वेळी हे काम चंद्राच्या मागच्या बाजूला झालं. तिथून पृथ्वीशी रेडिओ संपर्क होत नाही. इंजिन नीट चाललं की नाही, हे यान पलीकडून बाहेर येईपर्यंत पृथ्वीवर कोणालाच कळत नव्हतं.

उतरणं तर त्याहून अवघड. "सर, पॅराशूट का नाही लावत?" असं मुलं विचारतात. पॅराशूटला हवा लागते आणि चंद्रावर वातावरण नसल्यासारखंच आहे. त्यामुळे सगळा वेग इंजिनानेच मारावा लागतो. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी विक्रम लँडर 30 किलोमीटर उंचीवरून उतरायला लागला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 1.68 किलोमीटर होता. वीसेक मिनिटांत तो शून्यावर आणून 6 वाजून 4 मिनिटांनी तो अलगद टेकला. पृथ्वीवरून संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, म्हणून इथून हाताने चालवणं शक्य नव्हतं. सगळे निर्णय लँडरच्या संगणकाने स्वतः घेतले.

काही सेकंदांचं मोल किती असतं बघा. त्याच आठवड्यात रशियाचं लुना-25 उतरण्याच्या तयारीत होतं. कक्षा बदलण्यासाठी त्याचं इंजिन 84 सेकंद चालायला हवं होतं, ते 127 सेकंद चाललं. यान चंद्रावर आदळून नष्ट झालं. 2019 मध्ये आपल्या चांद्रयान-2 चा लँडरही शेवटच्या टप्प्यात कोसळला होता. त्याच्या माहितीवरून सुधारणा करूनच चांद्रयान-3 यशस्वी झालं.

7. आता खरा प्रश्न: परत यायचं कसं?

हा भाग नीट वेळ देऊन शिकवा.

बारी गावातून कळसूबाई शिखरावर जायचं आहे असं समजा. तंबू, स्वयंपाकाचं सामान, परतीचे कपडे असं सगळं ओझं पाठीवर घेऊन आपण शिखरावर जातो का? नाही. ते ओझं एका मित्राजवळ पायथ्याला ठेवतो, पाण्याची बाटली घेऊन वर जातो आणि उतरून पुन्हा सामान उचलतो. अपोलोने नेमकं हेच केलं.

सुरुवातीला नासामध्येही संपूर्ण यान चंद्रावर उतरवायचं आणि तेच परत उडवायचं असा विचार होता. पण परतीचं सगळं इंधन खाली उतरवायचं, तर ते उतरवायला आणखी इंधन, आणि ते सगळं पृथ्वीवरून उचलायला सॅटर्न 5 पेक्षाही प्रचंड रॉकेट! जॉन हुबोल्ट या अभियंत्याने आग्रहाने दुसरी पद्धत मांडली: मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवा, खाली फक्त छोटी होडी पाठवा. बराच विरोध झाला, पण 1962 मध्ये नासाने हीच पद्धत स्वीकारली.

त्याप्रमाणे कॉलिन्स हे कोलंबिया नावाच्या यानात चंद्रापासून सुमारे 110 किलोमीटर उंचीवर फिरत राहिले. पायथ्याचा मित्र तो हाच! आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन ईगल नावाच्या छोट्या यानातून खाली उतरले. ईगलचे दोन भाग होते. खालच्या भागात उतरण्याचं इंजिन आणि पाय, वरच्या भागात बसायची जागा आणि परतीचं स्वतंत्र इंजिन. परत निघताना वरचा भाग सुटा होऊन उडाला आणि खालचा भाग तिथंच राहिला. म्हणजे लाँचपॅड त्यांनी सोबतच नेला होता. पुढच्या काळात नासाच्या लूनार रिकनिसन्स ऑर्बिटरने काढलेल्या फोटोंत हे खालचे भाग आजही जागेवर उभे दिसतात.

"पण एवढंसं यान कसं उडालं?" याची तीन कारणं मुलांकडूनच काढून घ्या.

- चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे.
- तिथं हवेचा विरोध नाही.
- त्यांना घरापर्यंत जायचं नव्हतं, फक्त वर फिरणाऱ्या कोलंबियापर्यंत पोचायचं होतं. पृथ्वीभोवती फिरायला सेकंदाला 7.8 किलोमीटर वेग लागतो, चंद्राभोवती फिरायला 1.7 किलोमीटरही पुरतो.

वरचा भाग इंधनासह पाच टनांपेक्षा थोडा कमीच होता. सव्वासात मिनिटं इंजिन चालवून तो कक्षेत पोचला आणि पावणेचार तासांच्या आत कोलंबियाला जाऊन जोडला गेला. दोघं अंतराळवीर आणि सुमारे साडेएकवीस किलो दगडमाती कोलंबियात आली. मग ईगलचा वरचा भागही सोडून दिला. त्यानंतर चंद्राच्या मागच्या बाजूला अडीच मिनिटं इंजिन चाललं आणि यान घराच्या वाटेला लागलं. पुन्हा तेच, पृथ्वीकडे पडत येणं.

8. पृथ्वीवर ब्रेक फुकट मिळतो

पृथ्वीच्या जवळ येईपर्यंत यानाचा वेग पुन्हा सेकंदाला 11 किलोमीटर होतो. तो कमी करायला इंधन लागत नाही, कारण इथं आपली हवा आहे. माणसं बसलेला शंकूच्या आकाराचा भागच तेवढा वातावरणात शिरतो. त्याच्या बुडाशी असलेलं उष्णतारोधक कवच अडीच हजार अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापतं, थोडंथोडं जळून झडतं आणि उष्णता सोबत घेऊन जातं.

इथं शिरण्याचा कोन सांभाळावा लागतो. तळ्यात चपटा दगड तिरका मारला की तो पाण्यावर टप्पे घेत जातो, सरळ मारला तर डुबुक! तसंच यान फार तिरकं आलं तर वातावरणावरून उसळी घेऊन बाहेर जाऊ शकतं, आणि फार सरळ आलं तर उष्णता आणि धक्का सहन होत नाही. अपोलोसाठी हा कोन साधारण साडेसहा अंश होता. शेवटी तीन मोठी पॅराशूट उघडली आणि यान पॅसिफिक महासागरात उतरलं.

निघताना 2,900 टन, परत आलं सुमारे साडेपाच टन! 500 रुपये घेऊन बाजारात गेलो आणि एक रुपया घेऊन परत आलो, असा हा व्यवहार. मुलं यावर हसतात, पण चंद्राचा प्रवास महाग का असतो हे त्यांना कळतं.

एक गोष्ट अपोलो 13 ची. एप्रिल 1970 मध्ये चंद्राच्या वाटेवर त्या यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. मागं वळायला पुरेसं भरवशाचं इंजिन नव्हतं. म्हणून त्यांनी चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानाचं इंजिन थोडा वेळ चालवून रस्ता असा साधला, की चंद्राच्या ओढीनेच वळसा घालून यान पृथ्वीकडे परत फिरलं. तिघंही सुखरूप आले. जो नियम यानाला नेतो तोच परतही आणतो.

9. भारताची परतीची तयारी

विक्रम लँडर परत येण्यासाठी बनवलेला नव्हता. तरीही 3 सप्टेंबर 2023 रोजी त्याने इंजिन पुन्हा चालवून सुमारे 40 सेंटीमीटर उडी मारली आणि बाजूला उतरला. उडी लहान, पण चंद्रावरून उठता येतं याचा तो सराव होता. शिवाय त्याला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात इंधन शिल्लक होतं. ते वापरून इस्रोने तो भाग चंद्राच्या कक्षेतून काढून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत परत आणला. बातम्यांत याची चर्चा कमी झाली, पण वर्गात जरूर सांगा.

चंद्राची माती आणण्याचं काम चीनच्या चांग-ए 5 ने 2020 मध्ये माणसाशिवाय केलं. त्याने सुमारे 1.7 किलो नमुने आणले. त्यातही वर थांबलेलं यान आणि खालून आलेलं यान यांची जोडणी करावी लागली. भारताच्या चांद्रयान-4 ला 2024 मध्ये मंजुरी मिळाली आहे, तिचा उद्देशही चंद्रावरचे नमुने आणणं हाच आहे. अशी जोडणी शिकण्यासाठीच इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत 16 जानेवारी 2025 रोजी दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडून दाखवले.

10. वर्गात घेताना

तिसरी-चौथीला अंतराची कृती, झोपाळा आणि कळसूबाईचं उदाहरण पुरेसं आहे. पाचवी ते सातवीला इंजिनाच्या वेळेचा हिशोब आणि लंबवर्तुळाची कृती घ्या. आठवीच्या पुढच्या मुलांशी वेगाचे आकडे बोला. दहावीला गुरुत्वाकर्षण आणि मुक्तिवेग येतो, तेव्हा हा पाया उपयोगी पडतो. पालकांनी घरी चांदण्यात बसून विचारलं, "यान तिथं पोचायच्या वेळी चंद्र कुठं असेल रे?" तरी अर्धा धडा झाला.

शेवटी मुलांना विचारायचे प्रश्न:

1. चंद्रावर पॅराशूट का चालत नाही? पृथ्वीवर का चालतं?
2. कॉलिन्स खाली उतरले असते तर काय अडचण आली असती?
3. चांद्रयान-3 ला अपोलोपेक्षा जास्त दिवस का लागले? "मागं" हा शब्द न वापरता लिहा.
4. इंजिन बंद असताना यानाचा वेग कधी कमी होतो आणि कधी वाढतो?
5. आता पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचा आणि परतीचा रस्ता पुन्हा काढा. ज्वाला फक्त तिथंच काढा, जिथं इंजिन खरोखर चालतं.

पाचव्या प्रश्नाचं चित्र आणि पहिल्या दिवशीचं सरळ रेघेचं चित्र शेजारी शेजारी ठेवा. मूल काय शिकलं ते वेगळ्या चाचणीशिवाय कळतं. आणि पुढच्या वेळी मोबाईलवर तो व्हिडिओ आला, तर तुमच्या वर्गातलंच एखादं मूल घरच्यांना सांगेल, "खालचा भाग तिथंच राहिला ना, तोच लाँचपॅड!"